सेजेस्ता उलट्या दिशेला

सालेमीहून अग्रिजेन्तोला निघालेल्या माणसाने गाव उतरलं की दक्षिणेचा रस्ता धरायचा. लिबोरिओंचा सगळा जन्म त्या डोंगरावर गेला होता, त्यांना हे सांगायची गरज नव्हती. तरी चौकात येताच त्यांनी काठीने उत्तरेकडे खूण केली.

"आधी सेजेस्ता."

"पापा, सेजेस्ता उलट्या दिशेला आहे!"

"मग? देऊळ काय चालत येणार आहे तुझ्याकडे?"

त्यांच्या सुनेने, आसुन्ताने, सुस्कारा टाकून गाडी वळवली. मागच्या सीटवर सासऱ्यांच्या दोन सुटकेसा, कोट आणि ऑलिव्हचं लोणचं होतं. ती त्यांना अग्रिजेन्तोत मोठ्या दिरांकडे, कालोजेरोकडे, कायमचं सोडायला निघाली होती.

तिचा नवरा तानो माझारा बंदरातल्या एका मासेमारी बोटीवर होता. एका हिवाळ्यात बोट बुडाली, आणि तानोचं शवही हाती लागलं नाही. आता ही माहेरी जाणार, असं गावाने धरलंच होतं. ती गेली नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी करून सासऱ्यांचं सगळं करत राहिली. मग गेल्या महिन्यात कालोजेरोचा फोन आला, "पापांना आता माझ्याकडे पाठव." ती लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच, की तेव्हापासून स्वतःचीच लाज वाटत होती. कारण मेन्फी गावात द्राक्षांची रोपं लावणारा बाल्दो लग्नाचं विचारत होता, आणि ही गोष्ट तिने कुणाच्या कानावर घातली नव्हती.

सेजेस्ताच्या टेकडीवर रानबडीशेप कमरेएवढी वाढली होती. देवळाच्या खांबांमधून वारा घुमत होता. लिबोरिओ धापा टाकत एका पायरीवर बसले आणि वर मोकळ्या आभाळाकडे बघत राहिले.

"छप्पर घालायचं राहूनच गेलं बघ. म्हणे लढाई आली." थोड्या वेळाने म्हणाले, "तानो तुला लग्नानंतर इथे आणणार होता ना?"

"मासळीचा हंगाम होता तेव्हा."

"त्याची नेहमी बोलाचीच कढी. मी तरी आणायला हवं होतं."

आसुन्ताने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. बायकोच्या माघारी हा माणूस जेवताना मिठाशिवाय काही मागत नसे, आणि आज मनातलं बोलत होता. तिला वाटलं, जायचं जिवावर आलंय म्हणून रस्ता लांबवताहेत.

परत दक्षिणेला उतरून सेलिनुन्तेला पोचेस्तोवर ऊन डोक्यावर आलं. तिथल्या देवळांचे खांब भूकंपाने आडवे झालेत. एकेक तुकडा गाडीपेक्षा मोठा. पलीकडे लगेच समुद्र. बोट बुडाल्यापासून लिबोरिओ समुद्राकडे फिरकले नव्हते, म्हणून तिला इथे थांबायचंच नव्हतं; पण त्यांनीच गाडी थांबवायला लावली. ती पाणी आणायला गेली, परत येते तर सासरे जागेवर नाहीत.

"पापा! पापा!" ती दगडांमधून धावत सुटली. ठेचकाळली, उठली. कड्याच्या टोकाशी, एका पडलेल्या खांबावर, समुद्राकडे तोंड करून ते पाव-चीज खात बसले होते.

तिचा बांध फुटला. "जीव गेला असता ना माझा! सांगून जाता येत नाही?"

"ओरडलीस एकदाची," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत एकदाही आवाज चढवला नव्हतास. वाटलं, पाहुण्यासारखीच राहून जाशील. बस."

ती बसली. खाली लाटा वाळूवर येत होत्या.

"कालोजेरोला फोन मी करायला लावला," ते पाण्याकडेच बघत म्हणाले.

"तुम्ही? का?"

"कारण मी घरात असेतो तू त्या मेन्फीवाल्याला हो म्हणणार नाहीस."

आसुन्ताचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "तुम्हाला कुणी..."

"सालेमीत मांजर व्यालं तरी चर्चमध्ये कळतं, पोरी! मलाच सगळ्यांत शेवटी कळलं."

"मग तुम्ही जाऊच नका. मी त्याला सांगते, आमच्यासोबत—"

"सुनेच्या नव्या नवऱ्याकडे सासरा? मला गावात तोंड दाखवायला थोडी जागा ठेव." ते हसले, पण पावाचा तुकडा हातातच राहिला. "तानो इथेच कुठेतरी आहे. त्याच्यासमोर सांगायचं होतं. तू आमचं काही देणं मागे ठेवून चाललेली नाहीस."

ती रडली. त्यांनी रडू दिलं, आणि रडून झाल्यावर उरलेलं चीज तिच्या हातात ठेवलं.

मेन्फी वाटेवरच होतं. आसुन्ताने न विचारता गाडी आत वळवली. मातीने भरलेले हात पँटला पुसत बाल्दो धावत आला आणि समोर लिबोरिओंना बघून जागीच थिजला.

"आमच्या पोरीला काय खायला घालणार? ही काटकं?" लिबोरिओंनी रोपांकडे काठी रोखली.

"तीन वर्षांनी द्राक्षं येतील त्यांना, साहेब."

"तोवर?"

"तोवर... आई शिजवते ते, साहेब."

लिबोरिओंनी आसुन्ताकडे पाहिलं. "खोटं बोलता येत नाही याला. बरं आहे."

बाल्दोच्या आईने त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना लिबोरिओंनी रोपांच्या ओळींतून एक फेरी मारली, दोन ठिकाणी वाकून मुळांजवळची माती चाचपली. गाडीत बसल्यावर म्हणाले, "पाणी जास्त घालतोय. सांग त्याला."

अग्रिजेन्तोजवळ आले तेव्हा उन्हं कलली होती. कड्यावरची देवळं मधाच्या रंगाची झाली होती. आसुन्ताने गाडी हळू केली.

"थांबायचं, पापा?"

"नको. कालोजेरो दारात उभा असेल." ते काच खाली करून बघत राहिले. "रविवारी ये बाल्दोला घेऊन. तेव्हा नीट बघू."

तिने गाडी शहराच्या चढाला लावली.