सलाब पडला

शिवाजी पेठेतल्या मुलींच्या शाळेचं काम दोघांनी भागीत घेतलं होतं. दगडी भिंती केरबा गवंड्याच्या, वरचा स्लॅब दत्तोपंत इंजिनिअरांच्या कंपनीचा. १९५४ साली पेठेत स्लॅब म्हणजे नवलाईच. केरबाची माणसं त्याला सलाब म्हणत.

नेमकं स्लॅब ओतायच्या दिवशीच शाळेच्या चिटणीसांनी दत्तोपंतांना कचेरीत बोलावलं. हे काम नीट उतरलं तर पुढच्या दोन शाळा याच जोडीला मिळणार होत्या. दत्तोपंतांचा जीव थाऱ्यावर नव्हता. समोर चहा निवत होता आणि त्यांच्या डोक्यात स्लॅबखालचे टेकू करकरत होते.

तेवढ्यात केरबाचा मुकादम पिराजी धापा टाकत दारात आला. "सायेब, सलाब पडला!"

दत्तोपंत ताडकन उठले. आणि एवढा शिकलेला माणूस, पण तोंडातून पहिलं वाक्य काय निघावं? "माझ्या स्लॅबात दोष नाही! भिंती कच्च्या असणार. केरबानं चुन्यात हात मारला असणार!"

"ते राहू द्या हो!" चिटणीस ओरडले. "अरे, लागलं किती जणांना?"

पिराजी दोघांच्या तोंडाकडं बघत राहिला. "लागंल कशानं? पडला म्हंजी वतून झाला की! केरबाअण्णा नारळ घिऊन उभं हाईत. पंत आल्याबिगर फोडायचा न्हाय म्हनलं."

दत्तोपंत हसायला गेले, पण हसू फुटेना. चिटणीसांनी दौत पुढं ओढली. "चुन्याचं तुम्ही म्हणालात, मी ऐकलं. आता भिंती तपासल्याशिवाय पुढचं काम द्यायचं नाही."

"भीतीपोटी बोलून गेलो हो. भिंती चांगल्या आहेत."

"ते तपासणीत दिसेलच."

रस्ताभर पिराजी दोन पावलं पुढंच चालला. शाळेच्या वळणावर थांबून म्हणाला, "माज्या तोंडातनं न्हाय निघायचं. अण्णास्नी तुमीच सांगा."

केरबानं हसत नारळ पुढं केला. दत्तोपंतांनी तो घेतला नाही. सगळं सांगून टाकलं, चुन्यासकट, माणसांदेखत. शरमेनं त्यांना मान वर करवत नव्हती.

केरबानं भिंतींचं नावही काढलं नाही. "चाळीस माणसं हुती वर," तो म्हणाला. "मेली का जगली, एवढं तरी इचारलंसा का, पंत?"

"नाही."

केरबानं नारळ पिराजीच्या हातात दिला. "फोड तूच."