सहीचा नमुना

सत्यभामा पाय फरफटत चालायची, बोलता बोलता विसरायची, लुगडं ओलं करायची, तेव्हा ती दूध संस्थेची चेअरमन म्हणून सगळ्यांना चालत होती. उलट सोयीची होती. धाकटा दीर सुंदरराव संस्थेचा सचिव. तो कागद पुढं सरकवायचा, ‘वहिनी, इथं’ म्हणायचा आणि ही बिचारी वेडीवाकडी सही ठोकायची. दप्तरात सहीचा नवा नमुनाही त्यानं त्याच दिवसांत घेऊन ठेवला. माणूस भलताच तत्पर.

सासरचे देवऋषी करत बसले असते, पण माहेरहून बहीण शिवकन्या आली आणि तिला अंबाजोगाईला घेऊन गेली. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, “डोक्यातल्या पाण्याची वाट बुजलीय. चारीत गाळ बसतो तशी.” मग औरंगाबादला कवटीला बारीक भोक पाडलं, दुर्बीण आत घातली आणि त्या पाण्याला नवी वाट काढून दिली.

दीड महिन्यानं सत्यभामा स्वतःच्या पायांनी संस्थेच्या बोअरवर गेली. हौद कोरडा ठणठणीत. भोवती सभासदांच्या गाई माना टाकून उभ्या.

“पाणी कावून न्हाई?” तिनं सारजाबाईला विचारलं. सारजाबाईच्या दोन गाई त्याच हौदावर जगायच्या.

“तुमीच तर देलं की अक्का, सुंदररावाच्या मोसंबीला. ठरावावर तुमची सही हाय.”

सत्यभामाला काही म्हणजे काही आठवेना. आधी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मग अंगाचा तिळपापड झाला.

सोमवारी तिनं बैठक बोलावली. जुना ठराव रद्द, बोअरचं पाणी हौदालाच, असं स्वतःच्या हातानं लिहिलं आणि खाली ठसठशीत सही केली. सुंदररावानं चष्मा पुसला, नमुना काढून शेजारी ठेवला.

“जुळत न्हाई, वहिनी.”

“आता हात नीट झालाय, भावजी.”

“असंल. पण सही नमुन्यापरमानं पायजे. नियम हाय.”

सभासद खाली मान घालून बसले. निम्म्यांच्या घरची माणसं त्याच्याच बागेत रोजानं जात होती.

“मारा की तसलीच, अक्का,” सारजाबाई म्हणाली. “जनावरं मरायलीत.”

सत्यभामानं नमुना नीट निरखला. मग आपला धडधाकट हात मुद्दाम थरथरवला आणि वाकडी अक्षरं काढली, ‘भा’चा काना खाली घसरलेला, अगदी हुबेहूब.

सुंदररावानं कागद उजेडात धरला, सगळ्यांना दाखवला. आवाजात काळजी नुसती ओसंडत होती.

“बघा. हात आजून थरथरायलाय. डोस्क्याचं आपरेशन हाय, येळ लागतोच. वहिनीला आराम पायजे. तवर कारभार मी बघतो.”

कुणीतरी ‘मंजूर’ म्हणालं. बाकीचेही म्हणाले.

सत्यभामा उठली आणि सरळ पावलं टाकत बाहेर आली. मोसंबीकडची मोटर चालू होती. गाई कोरडा हौद चाटत होत्या. शुद्धीवर येऊन बघायला तिच्या नशिबी हेच वाढून ठेवलं होतं.