वर्ख आणि जांभई

वर्ख कुंचल्यावर आला आणि नेमकी तिला जांभई आली.

ओठ घट्ट मिटून तिने ती गिळायचा प्रयत्न केला. जबडा ताणला गेला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तोंडाने अडवलेली जांभई नाकावाटे बाहेर पडली. तेवढा वारा पुरेसा होता. सोन्याचा वर्ख तो, चिमटीत धरला तर बोटांच्या रेषांतच विरून जाणारा. कुंचल्यावरून उठला, हवेत एकदा वळला आणि टेबलापलीकडे बसलेल्या सासऱ्यांच्या चष्म्यावर जाऊन बसला.

पूर्वी असं काही झालं की दोघंही हसायची. आज सासऱ्यांनी चष्मा काढला, काचेवरचं सोनं मऊ कुंचल्याने तुकड्यांच्या डबीत झटकलं आणि चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. हे सगळं त्यांनी इतक्या सावकाश केलं, की त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"कंटाळा आला असेल तर राहू दे, सूनबाई."

"कंटाळा नाही आला, बाबा."

"मी कुठे काय म्हटलं?"

एरवी ते तिला पोरी म्हणत. सूनबाई म्हटलं की समजायचं, पारा चढला आहे. अलीकडे पोरी कानावर पडलंच नव्हतं.

तिने गादीवर दुसरा वर्ख घेतला. चामड्याची ती छोटी गादी, बोथट सुरी, खारीच्या केसांचा चपटा कुंचला आणि समोर माणसाच्या उंचीची आरशाची चौकट. नाट्यगृहाच्या दालनातली ती चौकट फुलापानांच्या कोरीवकामाने गच्च भरलेली होती. निम्मी सोन्याने झळकत होती, निम्मीवर अजून नुसता लाल मातीचा थर होता. वर्ख लावताना पंखा बंद, खिडक्या बंद, दाराच्या फटीलाही गुंडाळलेलं फडकं. या कामाला सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे वारा, आणि तो आता तिच्याच नाकातोंडातून येत होता.

कोपऱ्यातला फोन वाजला. सासरे उठले.

"नाही हो, नवीन काम घेत नाही आता. हा आरसा गेला की शटर ओढणार." पलीकडचा माणूस काहीतरी विचारत असावा. सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि जरा मोठ्याने सांगितलं, "सून आहे ना, हात चांगला आहे तिचा. पण मन लागायला हवं. जबरदस्तीने होणारं काम नाही हे."

तिने मान खाली घातली. टेबलाच्या कडेला एक छोटा खळगा होता, त्यात नेहमीप्रमाणे तिची बाही अडकली. ती सोडवायच्या निमित्ताने तिने डोळे पुसून घेतले.

जांभई ही मोठी चहाडखोर गोष्ट. माणूस उपाशी असला, दुःखी असला, तरी चेहऱ्यावर काही येऊ न देता वेळ निभावून नेतो. जांभई मात्र येते आणि नसलेलं काहीतरी सांगून जाते. मुलीच्या शाळेत बाईंसमोर तिला लागोपाठ जांभया आल्या आणि बाईंनी बोलणं आवरतं घेतलं. नवरा हसून म्हणायचा, "तुझ्याशी बोलायचं म्हणजे अंगाई गायल्यासारखं वाटतं." तीही हसायची, कारण खरं सांगणं अवघड होतं. तिला झोप येत नव्हती. तिला श्वास पुरत नव्हता.

म्हणजे श्वास होता. येत होता, जात होता. पण खोल श्वास घेतला की तो छातीत कुठेतरी वरच अडायचा, आणि मग तो पूर्ण होईपर्यंत दुसरं काही सुचायचं नाही. पुन्हा ओढायचा, पुन्हा अडायचा. शिंक येता येता परत जावी, तसं दिवसभर. मधूनच एखादी जांभई अशी यायची की तळापर्यंत पोचायची, जीव भांड्यात पडायचा, आणि पाच मिनिटांत पुन्हा तेच.

घरी न सांगता ती डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली होती. छातीचा फोटो, हृदयाचा आलेख, रक्त, सगळं नीट निघालं. सगळं नीट आहे म्हटल्यावर माणसाने आनंदाने घरी जावं; हिचं तोंडच उतरलं. डॉक्टरीणबाईंच्या ते लक्षात आलं.

"त्रास खोटा आहे असं मी म्हणत नाहीये," त्या म्हणाल्या. "फुप्फुसं भरलेली असतात, आणि तुम्ही त्यांत आणखी भरायला बघता. श्वासामागे धावू नका. आधी सोडा, हळूहळू. मग यायचा तो आपोआप येईल. बरं, काम करताना कसा असतो श्वास?"

"काम करताना कोण लक्ष देतं श्वासाकडे?"

"यापुढे द्या."

तिने प्रयत्न केला होता. पण लक्ष द्यायला गेलं की तो जास्तच अडायचा, आणि काम सुरू झालं की वर्खापलीकडे जग उरायचं नाही.

सासऱ्यांना सांगायचं धाडस तिला होत नव्हतं, आणि त्याला कारण होतं. त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा कुणी काही म्हणायच्या आतच त्यांनी आपला कुंचला धुतला, वाळवला आणि तिच्यापुढे ठेवला. "ज्याचं अंग त्याचं ऐकत नाही, त्याने सोन्याला हात लावू नये," एवढंच ते बोलले होते. त्यानंतर त्यांनी कुंचल्याला बोट लावलं नाही. आपलंही अंग आपलं ऐकत नाही हे त्यांना कळलं, तर तो नियम आपल्यालाही लागेल, ही तिची भीती. आळशी म्हणवून घेणं परवडलं. आणि आता त्या आळशीपणापायीच दुकान बंद व्हायची वेळ आली होती. हे काम तिला किती आवडतं, हे तिने कधी तोंडाने बोलून दाखवलं नव्हतं. बोलून दाखवावं लागेल असं वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चौकटीच्या माथ्याचं काम निघालं. तिथलं कोरीवकाम सगळ्यात खोल, म्हणून सासरे हातात दिवा धरून समोर बसले. तिने लाल मातीवर पाण्याचा हात फिरवला, वर्ख धरायला तेलाचा अंश हवा म्हणून कुंचला गालावरून ओढला, वर्ख उचलला, ठेवला. पाण्याने तो झटकन आत ओढून घेतला. आणि तिला जांभई आली. या वेळी वर्ख बसल्यानंतर, म्हणून निभावलं.

तिने चोरून समोर पाहिलं. सासरे तोंडावर हात धरून जांभई देत होते.

जांभई लागते एकाची दुसऱ्याला, त्यात नवल नाही. पण त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं, त्यांची नजर चौकटीवर होती. तिने पुढचा वर्ख उचलला आणि या वेळी चौकटीऐवजी सासऱ्यांवर नजर ठेवली. वर्ख गादीवरून सुटला तसे त्यांचे खांदे किंचित वर गेले. शर्टाच्या गुंड्या हलायच्या थांबल्या. तिने वर्ख ठेवला. तरी गुंड्या हलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने आली ती जांभईच.

ती कुंचला हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिने आणखी एक वर्ख उचलला आणि मुद्दाम हवेतच धरून ठेवला.

सासरे बघत राहिले. खांदे वर, मान पुढे, गुंड्या स्तब्ध. त्यांचा चेहरा हळूहळू लाल मातीच्या रंगावर जायला लागला. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की आपणही श्वास रोखून उभ्या आहोत, आणि तोही आताचा नाही. गादीवरून वर्ख उचलल्यापासूनचा.

"ठेव की ग बाई," सासरे फुटलेच, आणि त्यांच्या तोंडच्या वाऱ्याने वर्ख उडाला तो थेट तिच्या भुवईवर.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. आधी ती हसली, मग ते. हसता हसता तिला रडू आलं आणि ते मात्र तिला थांबवता येईना.

"मला श्वास पुरत नाही, बाबा," ती म्हणाली. "वर्ष होत आलं. डॉक्टरांकडे जाऊन आले, काही निघालं नाही. जांभया त्याच्याच आहेत. कंटाळा नाही आला मला. दुकान बंद नका करू."

सासऱ्यांनी दिवा खाली ठेवला.

"आणि मी तुला काय काय बोललो," ते म्हणाले.

"तुम्ही काम करताना यायच्या का तुम्हाला जांभया?"

"सुरुवातीला फार. माझ्या वडिलांनी दोनदा हाकलून दिलं होतं या टेबलावरून, झोपाळू म्हणून." ते आठवून हसले. "मग लग्न झालं, आणि कमी झाल्या. तुझी सासू होती तोवर विणकाम घेऊन इथे माझ्या शेजारी बसायची. मी एक वर्ख लावला की हिची सुई टेबलावर, टक. दुसरा लावला की, टक. मी म्हणायचो, पहारा ठेवतेस का, वर्ख मोजतेस का माझे? तर म्हणायची, हो, मोजते. तो खळगा तिचाच आहे."

आपली बाही अडकायची त्या खळग्याकडे तिने पाहिलं. वर्षानुवर्षं एकाच जागी सुईचं टोक पडून झालेला, आत गुळगुळीत, कडेला खरखरीत, करंगळीच्या टोकाएवढा.

"पण मोजून आकडा कधी सांगितला का त्यांनी?"

सासऱ्यांचं बोट आपसूक खळग्याकडे गेलं आणि तिथेच राहिलं.

"नाही," ते म्हणाले. "एकदाही नाही."

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. खिडकी बंदच होती, तिच्यातून बघण्यासारखं काही नव्हतं. ती भुवईवरचं सोनं पुसत बसली आणि त्यांना हवा तेवढा वेळ दिला.

"चल," थोड्या वेळाने ते म्हणाले. "पाणी सुकतंय मातीवरचं."

तिने वर्ख उचलला, ठेवला. टेबलावर सासऱ्यांच्या बोटांची पेरं वाजली, टक. तिच्या छातीतून श्वास बाहेर पडला, लांब, अगदी तळापर्यंत. मग तिने काही न करताच तो आतही आला. ती चकित होऊन थांबली.

"काय झालं?"

"काही नाही. पुढचा घेते."

सगळ्या जांभया काही त्या सकाळी पळाल्या नाहीत. मधे एक आली, आणखी एक आली. पण ओठ मिटून तिने त्यांना गिळलं नाही. कुंचला बाजूला ठेवायची, तोंड भरून जांभई द्यायची, सासऱ्यांनाही लागायची, आणि पुन्हा काम. दुपारपर्यंत माथा पुरा होत आला. अगदी मधोमध, एका उमलत्या फुलाच्या पोटात, लाल मातीची टिकलीएवढी जागा राहिली.

तिने तिथे पाण्याचा थेंब सोडला. वर्खाचा तुकडा कापला. मग कुंचला उलटा करून त्याची मूठ सासऱ्यांपुढे धरली.

"नको," ते म्हणाले. "थरथरतो हात."

"थरथरू दे. चहूकडे सोनंच आहे, वर्ख जाईल कुठे?"

त्यांनी कुंचला घेतला. गालावरून फिरवला, जुन्या सवयीने, डोळे मिटून. वर्ख कुंचल्यावर आला, थरथरला, आणि त्यांचे खांदे वर गेले. नेमका तेव्हाच फोन वाजायला लागला. कुणीच हललं नाही. कुंचला फुलाच्या जवळ गेला, चुकला, परत वळला. आणि वर्ख पाण्यावर टेकला, थोडा वाकडा, पण टेकला.

तिने खळग्यात बोट टेकवून वाजवलं, टक.

सासऱ्यांनी श्वास सोडला. खांदे खाली आले. फोन अजून वाजत होता. ती उठली, पदराला हात पुसले आणि रिसीव्हरवर हात ठेवून त्यांच्याकडे पाहिलं.

"कुणाचं काम असेल तर काय सांगू, बाबा?"

ते फुलाकडेच बघत होते.

"कधीपर्यंत हवंय ते विचार, पोरी."