चाराचं घरचं नाव

नागझिरा अभयारण्याच्या गेटवर फागूचं मोठं नाव होतं. चाराचं, म्हणजे चारोळीचं, झाड दिसलं की हा गाईड जिप्सी थांबवायचा आणि सुरू व्हायचा: मराठीत चार, हिंदीत चिरौंजी, इंग्रजीत कडप्पा आल्मंड. कडप्पा कुठं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, पण पाहुणे खूश व्हायचे. गोंडीत काय म्हणतात असं कुणी विचारलं, की मात्र तो गाडी पुढं घ्यायला सांगायचा. गोंडाच्या पोटी जन्मून गोंडी येत नाही, ही लाज सांगणार कुणाला?

यंदा ती लाज घरात आली. माघात बाप गेला. दर वैशाखात नवी फळं तोच एकटा जाऊन साजाच्या झाडाखाली ठेवायचा, एकेकाचं गोंडी नाव घेऊन पूर्वजांना हाक मारायचा. मगच घरातले खायचे. आता ते फागूवर आलं. आंब्याचं नाव त्याला येत होतं, अडलं ते चाराशी. आणि त्याची माय बायजाबाई अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी 'मागेल ते द्या' म्हणून घरी पाठवलेली. तिला चाराची फळंच हवी होती, पण पूर्वजांच्या आधी ती एकही तोंडाला लावणार नव्हती.

फागूनं देवरीच्या साडूला फोन केला. त्यानं सांगितलेल्या शब्दावर मायनं नकारार्थी मान हलवली.

"ते त्याइच्या गावचं. आपल्या जुन्याइले नाही समजत."

"मंग तू सांग न. तुले त येते."

बायजाबाईनं भिंतीकडं तोंड केलं.

"काऊन सांगत नाही, माय?"

"तुह्या बापाचं नाव हाये ते," ती कशीबशी म्हणाली. "केवळराम त शाळेत मास्तरनं लिवलं. नवऱ्याचं नाव कशी घेऊ मी?"

 बापाला त्या नावानं हाक मारणारी मोठी माणसं फागूच्या जन्माआधीच गेली होती. मायनं तो शब्द गिळला, म्हणून घरात फळालाही 'चार'च म्हणत आले. चाळीस वर्षांच्या घोड्याला बापाचं नाव माहीत नव्हतं!

"तीन महिने झाले त्याले जाऊन," तो चिडून बोलला. "आता कोन रागावते?"

बोलला आणि जीभ चावली.  तिरडी उचलली तेव्हाही ही बाई रडली नव्हती. बायजाबाईनं त्याला जवळ ओढलं आणि कानात तो शब्द सांगितला. तो इथं लिहायचा नाही. जिनं जन्मभर जपला तिचा तो.

फागूनं साजाखाली चार ठेवले, नाव घेतलं आणि उरलेले धावत घरी आणले. मायच्या ओंजळीत घातले.

"खाय आता."

तिनं मूठ मिटली.

"मी नाव घेतलं, फागू," ती म्हणाली. "आता खरंच गेला तुहा बाप."

आणि माघात न फोडलेला हंबरडा तिनं आता फोडला, त्याच नावानं, पुन्हा पुन्हा. फागूची बायको चंचल चुलीपासून धावत आली. मुठीतले चार चिरडून रस मनगटावर उतरला होता. एकही तिनं खाल्ला नाही.