तीन दिवसांच्या बोलीवर दिलेली अंगठी

मी एक जुनी अंगठी आहे आणि सध्या भयंकर वैतागलेली आहे. मित्रांनो, आपली जीवनकहाणी सांगताना वस्तूंनी गोड बोलायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण पाच वेळा परत आलेल्या अंगठीकडून गोडव्याची अपेक्षा करू नका.

पिवळंधमक सोनं, मधोमध लंबगोल निळा खडा आणि दोन्ही बाजूंना हाताने कोरलेली बारीक पानं, असं माझं रूप. उरणच्या एका सोनाराने मला घडवलं, त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. मोरा बंदरातल्या लाँचवर काम करणाऱ्या एका माणसाने बायकोसाठी मला करून घेतलं होतं. बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका, सरस्वतीबाई नाव. “तुझ्या शाईसारखा रंग आहे बघ,” एवढंच तो म्हणाला. पत्रिका नाही, मुहूर्त नाही. तिला रंग आवडला, तिने मला बोटात घातलं.

चाळीस वर्षं मी त्या बोटात होते. पानांत खडूची भुकटी बसायची, बाई ती दर रविवारी जुन्या टूथब्रशने काढायच्या. पाढे म्हणताना पोरं माझ्याकडेच बघत बसायची. एकदा वर्गातला लाकडी फळा निसटून बाईंच्या पायावर पडला. पंधरा दिवस लंगडत होत्या बिचाऱ्या. पण दुसऱ्याच दिवशी सुताराकडून बोटभर लांबीचा खिळा आणला, पोरांना बाहेर काढलं आणि स्वतः ठोकला. हातोडीचा एक फटका मला बसला. माझ्या डाव्या पानावरचा ओरखडा तेव्हाचा. अंगठीमुळे फळा पडला, असं तेव्हा कुणीही म्हणालं नाही. खिळा सैल होता म्हणून फळा पडला, इतकं सरळ होतं ते.

बाई गेल्या. मुलाने कामोठ्याला फ्लॅट घेताना मला इथल्या सराफाकडे मोडीत दिलं. जुनी डिझाईन, आता कोण घालतंय, म्हणाला. पुढे किती वर्षं मी तिजोरीत प्लास्टिकच्या पुडीत पडून होते, मोजणंच सोडून दिलं. मग अचानक जुन्याची फॅशन आली. दुकानातल्या सोनलने मला पॉलिश करून शोकेसमध्ये बसवलं आणि समोर ‘व्हिंटेज’ अशी चिठ्ठी लावली. शेजारी मशीनवर काढलेल्या नव्याकोऱ्या अंगठ्या होत्या, जुन्या दिसाव्यात म्हणून रेघांत काळं भरलेल्या. त्यांनाही व्हिंटेजच म्हणायचं म्हणे. पण गिऱ्हाईक बोट दाखवायचं ते माझ्याकडेच. मला वाटलं, सुटले एकदाची.

कसली सुटतेय. निळा खडा म्हणजे नीलम, नीलम म्हणजे शनी, आणि शनी सगळ्यांना सोसत नाही म्हणे. म्हणून मला तीन दिवसांच्या बोलीवर न्यायचं, निळ्या फडक्यात गुंडाळून दंडाला बांधायचं आणि घरात काय बिघडतंय ते बघत बसायचं. आता असं टपून बसल्यावर काहीतरी बिघडणारच की. एका घरी मिक्सर जळला. त्यात खोबऱ्याबरोबर करवंटीचा तुकडा गेला होता. दुसरीकडे मुलाला गणितात अठरा मार्क पडले. पेपर मी घरात येण्याच्या आठवडाभर आधी झाला होता. तिसऱ्याची गाडी पंक्चर झाली. चौथ्या घरात भांडण झालं, ते तिथे दर रविवारी होतं. चारही वेळा खापर माझ्याच डोक्यावर फुटलं. शेवटी दुकानाचे शेठ सोनलला म्हणाले, “आता परत आली तर खडा काढ आणि सोनं आटवायला टाक. उगाच जागा अडवून बसलीय.”

आणि मग गीतांजली आली. न्हावा शेव्याला कस्टम एजंटच्या ऑफिसात नोकरी करणारी. प्रमोशन झालं म्हणून आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी अंगठी घ्यायला आली होती. बरोबर सासूबाई, राजेश्वरीबाई, आणि सात वर्षांची मुलगी जाई. गीतांजलीने लाल खड्याची घालून पाहिली, हिरव्याची पाहिली. मग मला घातलं, हात लांब धरून पाहिलं आणि म्हणाली, “हीच.”

“ओरखडा आहे, मॅडम. घासून देऊ का?” सोनलने विचारलं.

“नको, राहू दे. हाताने केलेली आहे, कळतं ना त्यावरून.”

मित्रांनो, माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. “अगं, शनीचा खडा हाय तो. साताऱ्याला आमच्या शेजारच्यांचं पार वाटोळं झालं त्याच्यापायी.”

“आई, मला फक्त रंग आवडलाय.”

“आवडू दे की. तीन दिवस दंडाला बांध. काय झालं नाही तर मी एक शब्द बोलायची नाही.”

घरात वाद नको म्हणून गीतांजली हो म्हणाली. दिवस शनिवारचा.

त्या संध्याकाळी ती जाईला घेऊन सोसायटीच्या बागेत गेली. जाई झोपाळ्यावर बसली तशी साखळी करकरली. गीतांजलीने वर पाहिलं. साखळीची एक कडी उघडली होती, आत बोट जाईल एवढी फट. तिने जाईला लगेच खाली उतरवलं आणि वॉचमन बाबासोला हाक मारली.

“दोनदा सांगितलंय, मॅडम. कमिटीची मिटिंग झाली की बघू म्हणाले,” तो म्हणाला.

“थांबा, मी ग्रुपवर टाकते.” तिने फोटो काढला. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला आणि फोटो फोनमध्येच राहिला. मी दंडावर बसून तळमळत होते. धातूचं दुखणं धातूला कळतं, पण मला तोंड कुठे आहे?

रविवारी लिफ्ट बंद पडली. सासूबाई चार मजले चढून आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “एक.” लिफ्ट दर आठवड्याला बंद पडते. सोमवारी सकाळी बंदरात महिनाभर अडकलेला कंटेनर सुटला, साहेबांनी गीतांजलीचं कौतुक केलं. ते मात्र कुणी माझ्या नावावर मोजलं नाही. त्याच संध्याकाळी जाई मैत्रिणींबरोबर बागेत गेली. झोपाळा उंच गेला, कडी पुरती उघडली आणि पोर खाली आपटली. मनगटाचं हाड मोडलं.

दवाखान्यात प्लॅस्टर घालताना जाई रडत होती. सासूबाई म्हणाल्या, “मी सांगत होते.” मला वाटलं, आता गीतांजली बोलेल. तिने कडी डोळ्यांनी पाहिली होती. पण तिने दंडावरचं फडकं सोडलं आणि मला पर्समध्ये टाकलं. मला तिचा राग आला आणि तिची कीवही आली. फोटो टाकायचा राहून गेला, हे मान्य करणं तिला फार जड होतं. त्यापेक्षा शनी बरा.

आज दुपारी ती मला परत द्यायला आली.

“काय झालं, मॅडम?” सोनल म्हणाली.

“मुलगी झोपाळ्यावरून पडली. कडी निघाली.”

“अरे देवा. मग बदलली का कडी?”

गीतांजलीने मला काउंटरवर ठेवलं. “अजून नाही. बाबासोने सुतळीने बांधलीय सध्या.” मग तिने पिवळ्या खड्याची एक नवी अंगठी निवडली, रेघांत काळं भरलेली. सासूबाईंना ती चालणार होती.

उद्या माझा खडा काढतील आणि मला मुशीत टाकतील. त्याचं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? मला अजून एक बोट हवं होतं. पण सोन्याचं पुन्हा काहीतरी होतंच. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे, की घरात कुणी पडलं, कुणाला लागलं, तर आधी खिळा बघा, कडी बघा. ग्रहांना नंतर सवडीने विचारा.

मी घरातून गेले म्हणून तिकडे सगळे निर्धास्त झालेत. आता साडेपाच वाजले आहेत. बागेत पोरांनी झोपाळ्यासमोर रांग लावली असेल, आणि कडीला सुतळी आहे.