कोकराच्या रक्ताचं गिअर ऑइल

"हालेलुया!"

चर्चमागच्या खडीच्या मैदानावर एकच गजर झाला आणि तारेवरचे कावळे उडाले. गाड्यांची रांग थेट पुलापर्यंत पोचली होती. प्रत्येक गाडीचं बॉनेट आ वासून उघडं. बायका सोनं दाखवावं तसं एकमेकींना इंजिन दाखवत होत्या. आमच्या ब्रश फोर्कमध्ये, केंटकीच्या या डोंगरात, माणसाला नुसतं दूध आणायचं तरी घाट चढावा लागतो. गाडी बंद पडली की संसार बंद पडतो. हे ज्याला कळलं, त्याला आमच्या खिशाची वाट सापडली.

त्या गृहस्थाचं नाव ब्रदर लेव्हाय पकेट. पांढराशुभ्र कोट, केसांना चोपडलेलं तेल, आणि आवाज असा की डबा आपटल्यावर घुमावा. त्याने एका म्हाताऱ्या फोर्डच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची तेलपट्टी, म्हणजे तेल मोजायची पट्टी, बाहेर उपसली आणि उंच धरली. पट्टी काळीकुट्ट.

"हे काय आहे, बंधूंनो?"

"तेल!" कोणीतरी म्हणालं.

"तेल नाही, पाप! तुमच्या गाडीत पाप साचलंय!"

मग त्याने खिशातून विकायची निळी बाटली काढली. तिच्यातलं बायबलात सांगितलेलं 'गिलादचं तेल' पट्टीच्या नळीतून आत ओतलं, बॉनेटवर हात ठेवला, डोळे गरागरा फिरवले आणि घाम येईपर्यंत प्रार्थना केली. पट्टी आत घातली, बाहेर काढली. लालभडक!

"कोकराचं रक्त!" लेव्हाय ओरडला. "येशूच्या रक्ताने पाप धुतलं गेलं! आता या गाडीचं तेल आयुष्यात बदलू नका. बदलाल तर आशीर्वाद गटारात जाईल. त्या रूफसचं काय झालं? तेल बदललं आणि आठवड्यात गिअरबॉक्स मेला!"

लोकांनी माना डोलावल्या. रूफसची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. त्याची गाडी आधीच सहा महिने रडत होती, हे मात्र कोणाला आठवलं नाही. मी गुरांचा डॉक्टर. असले हिशेब मी रोज ऐकतो. गाय मरायला टेकली की मला बोलावतात, आणि मेली की म्हणतात, डॉक्टरने सुई टोचली म्हणून मेली.

माझ्या शेजारची डेल्फा कोंब्सही रांगेत होती. तिचा नवरा हर्शल खाणीतून रिटायर झालेला, दोन्ही मूत्रपिंडं निकामी. रक्त धुऊन घ्यायला त्याला आठवड्यातून तीनदा घाटापलीकडच्या हॉस्पिटलात न्यावं लागे. डेल्फाची गाडी गिअर बदलताना लाथ मारल्यासारखा झटका देत होती. शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या इमोजीन स्लोनबाईंनी तिला महिन्याभरापूर्वीच बजावलं होतं, "डेल्फा, गिअरचं तेल बदल. जळका वास मारतंय ते." पण अभिषेकानंतर झटका थांबला, आणि बाईंची शिकवण वाया गेली.

"बघा डॉक्टर," मला घरी जेवायला बोलावून मका-ब्रेडचा तुकडा माझ्या ताटात टाकत ती म्हणाली, "लोण्यासारखी चालतेय! आता काय म्हणायचंय तुम्हाला?"

"तेल बदल म्हणतो."

"तुम्ही आणि बाई सारखेच. नास्तिक."

"अगं, बाई चर्चमध्ये पियानो वाजवतात!"

"बोटं वाजवतात. मन कुठे असतं कोण जाणे."

हर्शल खुर्चीत बसून हसला. "डॉक्टर, नका वाद घालू. लग्नाला चाळीस वर्षं झाली, मी एकदाही जिंकलो नाही."

पुढच्या पंधरवड्यात, एका बर्फाळ सकाळी डेल्फा हर्शलला हॉस्पिटलात नेत असताना, घाटाच्या सगळ्यात उभ्या चढावर इंजिनाने डरकाळी फोडली आणि गाडी पुढे जाईना. पाय दाबावा तितका आवाज वाढे, चाकं मात्र ढिम्म. मग गाडी मागे घसरायला लागली. डेल्फाने ब्रेक दाबला, पण बर्फावर ब्रेक कुठला लागतोय! मागे दरी. तिने स्टिअरिंग फिरवून गाडीचं बूड डोंगराच्या अंगाला आदळवलं, म्हणून वाचले. मागून येणाऱ्या कोळशाच्या ट्रकवाल्याने वायरलेसवरून मदत मागवली. पण बर्फात वाट बंद, तो दिवस गेला आणि दुसराही अर्धा. हर्शलचं अंग सुजलं, फुप्फुसात पाणी भरलं. हॉस्पिटलात पोचवला तेव्हा ओठ निळे पडले होते. जगला, पण कसाबसा.

रविवारी चर्चमध्ये डेल्फा रडत लेव्हायसमोर उभी राहिली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "भगिनी, तेल नाही गळलं. तुझी श्रद्धा गळली."

आणि ती म्हणाली, "होय ब्रदर."

पियानोपाशी बसलेल्या इमोजीनबाईंनी झाकण असं आपटलं की पहिल्या बाकावरचं पोर रडायला लागलं.

"ब्रदर," त्या उभ्या राहून म्हणाल्या, "पुढच्या रविवारी मीही एक चमत्कार करणार आहे. पळून जाऊ नका."

लेव्हाय पळाला नाही. मूर्ख माणूस टाळ्यांना चटावला की सापळाही त्याला व्यासपीठ वाटतो.

पुढच्या रविवारी मैदान फुलून गेलं. बाईंनी आपली जुनी व्हॅन उभी केली. पट्टी काढली. काळी. "हे बघा, पाप!" मग नळीतून थोडं तेल ओतलं आणि बॉनेटवर हात ठेवून गंभीर आवाजात मंत्र सुरू केला, "हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम..." निऑनपर्यंत पोचल्या आणि पट्टी आत घालून काढली. लालभडक!

 मग मागून कोणीतरी खदाखदा हसलं.

"यात देव नाही की मी नाही," बाई म्हणाल्या. "नळी अरुंद आहे. ताजं तेल लाल असतं. ओतलं की ते नळीच्या भिंतींना चिकटतं, वरच्या वर तरंगतं. पट्टी त्यातून जाते-येते म्हणून लाल होते. खालचं तेल जिथल्या तिथे, काळंच. ब्रदर इंजिन बंद ठेवून पट्टी का काढतात, माहीत आहे? इंजिन चाललं की सगळं तेल ढवळून एक होतं."

त्यांनी गाडी पुलापर्यंत नेऊन आणली, इंजिन चालू ठेवलं, पट्टी पुसली, आत घातली, काढली. काळी.

"आणि झटका का थांबला?" डेल्फाने विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"तुझं तेल कमी झालं होतं, डेल्फा. बाटलीभर पडल्यावर पातळी वर आली, चार दिवस बरं वाटलं. पण जळलेलं तेल जळलेलंच राहिलं. गिअरबॉक्समधल्या क्लचच्या चकत्या त्यानेच खाल्ल्या. ये, बघ."

डेल्फाची मोडकी गाडी तिथेच ओढून आणली होती. बाईंनी गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं भांडं सोडवलं. डांबरासारखा काळा रस्सा पडला, वरती धातूचा चुरा चमकत होता. जळक्या वासाने पुढची माणसं नाक धरून मागे सरली. मग बाईंनी डेल्फाने विकत घेतलेल्या लेव्हायच्या निळ्या बाटलीचं बूच काढून हुंगलं. "दुकानातलं साधं गिअरचं तेल. दोन थेंब दालचिनीचा अर्क टाकलाय. गिलाद!"

"सैतानाची मास्तरीण!" लेव्हाय किंचाळला. "प्रभूची परीक्षा घेतेस?"

"तुमची घेतेय. नापास झालात."

डेल्फा पुढे झाली. "ब्रदर, त्या दिवशी हर्शल दरीत गेला असता, तर तुम्ही काय म्हणाला असता?"

त्याने कोट नीट केला. मग सवयीने म्हणाला, "प्रभूची इच्छा."

डेल्फाने त्या काळ्या रश्श्यात पट्टी बुडवली आणि त्याच्या पांढऱ्या कोटावर, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, शांतपणे पुसली. "ही माझी इच्छा," ती म्हणाली.

तो त्याच दुपारी गेला. पुढच्या खोऱ्यात त्याच्यासमोर पुन्हा रांग लागली, असं ऐकतो. लागणारच. असल्या लबाडाला दोष देऊन भागत नाही. बॉनेट उघडून त्याच्यापुढे उभे राहणारे आपणच असतो.

देवाशी माझं भांडण नाही. हर्शलसाठी डेल्फा आजही प्रार्थना करते, आणि मी टोपी काढून उभा राहतो. पण गिअरबॉक्स प्रार्थना ऐकत नाही. गाडीबरोबर पुस्तक मिळतं, त्यात तेल किती मैलांनी बदलायचं ते लिहिलेलं असतं. घाट चढत असाल, ओझं ओढत असाल, तर त्याच्याही आधी बदला. तेल लाल आहे तोवर ठीक. तपकिरी झालं की सावध व्हा. काळं पडून जळका वास मारू लागलं तर गॅरेजमध्ये जा, ब्रदरच्या रांगेत नको. 'आयुष्यभर चालेल' असं कोणी म्हणालं, तर एवढंच विचारा: कोणाचं आयुष्य? तेलाचं, गाडीचं, की मागच्या सीटवर बसलेल्या आजारी माणसाचं?