उपटणाऱ्याच्याच धोतरावर बसून

मी एक जुना आघाडा आहे आणि हे सांगताना मी मान खाली घालणार नाही. रेणापूरच्या शिवारात हणमंतरावांच्या बांधावर, हद्दीच्या धोंड्याला टेकून माझी मुळं आहेत. मित्रांनो, तुम्ही मला तण म्हणता. खुशाल म्हणा! मला कुणी पेरलं नाही, पाणी घातलं नाही, खताची मूठ टाकली नाही, तरी मी उभा आहे.

माझी फुलं तुम्ही पाहिली नसतील. लांब काडीसारख्या तुऱ्यावर मुगाच्या डाळीएवढं, हिरवट गुलाबी फूल. त्याला ना वास, ना थाट. पण लागतं ते सगळं त्यात आहे. परागकण देणारे पुंकेसर आहेत, मधोमध स्त्रीकेसर आहे. लहान माश्या, मुंग्या येतात आणि अंगाला लागलेले पराग या फुलातून त्या फुलात नेतात. पराग स्त्रीकेसरावर पडला की बी धरतं. कुणीच आलं नाही तर मी माझ्याच परागावर बी धरतो, रुसून बसत नाही.

बी धरलं म्हणजे संपलं असं नाही. ते लांब जायला हवं, नाहीतर सगळी रोपं एकाच जागी एकमेकांचं अन्न ओढतील. रुईच्या बीला म्हातारीचा कापूस आहे, ते वाऱ्यावर जातं. बोराला गर आहे, तो खाणारी पाखरं बी दूर नेऊन टाकतात. माझ्याजवळ काय? बोचरे काटे! बी पिकलं की ते खाली तोंड करून बसतं आणि जो घासून जाईल त्याला धरतं. मग ती शेळी असो नाहीतर सरपंच.

गेल्या आषाढात हणमंतरावांनी बांधावर तणनाशक मारलं. पाठीला पंप, तोंडाला दस्तीचा रुमाल. शेजारच्या शेतातल्या भीमाला ते मोठ्या तोऱ्यात सांगत होते, "बांध कसा तळहातावानी पाह्यजे." पोळ्याच्या आतच सगळा बांध पिवळा पडला. केना गेला, दुर्वा गेल्या, माझे सगळे भाऊबंद जळून गेले. मी धोंड्याआड, बोरीच्या काट्यात होतो म्हणून एका अंगाने करपून वाचलो. या बांधावरचा शेवटचा आघाडा! मला रडू आलं, पण रडून बी धरत नाही.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या आणि हणमंतरावांच्या घरच्या मालकीणबाई, केवळाबाई, बांधावर आल्या. आघाड्याशिवाय महालक्ष्म्यांची पूजा होत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडल्या आणि कडाडल्या, "आवं, समदा बांध हिंडले, आघाड्याचं एक पान दिसंना! म्हालक्ष्म्यांला काय वाहू, तुमचं तणनाशक?"

"बाजारातून आणू की," हणमंतराव पुटपुटले.

"बांधावरलं जाळायचं आन् बाजारात हुडकायचं. लई शानपन हाय!"

तेवढ्यात त्यांना मी दिसलो. त्यांनी हात घातला तेव्हा मी खरंच भ्यालो. माझे तुरे नुकतेच फुलू लागले होते. ते सगळे खुडले असते तर माझ्यामागे या रानात कुणी उरलं नसतं. पण केवळाबाईंनी एकच फांदी मोडली. "ऱ्हावू दे बाकीचा. बी धरंल, फुडल्या साली कामाला यील."

"सनापुरता ऱ्हावू दे," हणमंतराव म्हणाले. "येळवशीला पाव्हणे येतेत, तवा वाटंतून काढतोच ह्याला." गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय! इकडे मी हट्टाने बी भरत राहिलो. माश्या फिरकत नव्हत्या, तरी माझ्याच परागावर प्रत्येक फुलात एकेक बी बांधलं.

मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, आमची येळवस, आली. रानात कडब्याची कोप, पूजेची खोपी, उभी राहिली. भाज्या-दाण्यांची भज्जी आणि आंबील घेऊन सगळं घर आलं, नांदेडहून लेक वर्षाराणीही आली. हणमंतराव बोलल्याप्रमाणे सरळ माझ्याकडे आले, वाकले, दोन्ही हातांनी मला कवटाळलं आणि ओढलं. मी सगळ्या काट्यांनिशी त्यांना धरलं! खोड तुटलं, मुळं मात्र धोंड्याखाली घट्ट राहिली. त्यांनी मला फेकून दिलं आणि हात झटकले. हात झटकले खरे, पण धोतर झटकायचं राहिलं.

मग पूजा झाली. रिवाजाप्रमाणे हणमंतराव आंबिलीचं मडकं घेऊन, "ओलगे ओलगे" असा येळवशीचा पुकारा करत पिकाला आंबील शिंपीत चारही बांधांवरून फिरले. धोतर ज्वारीच्या ताटांना घासत होतं आणि माझं एकेक बी पावलापावलाला उतरत होतं. फेकलेल्या माझ्या खोडाला घासून जाताना वर्षाराणीच्या साडीच्या काठाला बसलेल्या चार बिया तर मोटारीतून नांदेडला गेल्या.

यंदा पाऊस पडला आणि चारही बांधांवर, त्यांच्या फेऱ्याच्या वाटेने, हिरवी रांग उभी राहिली. धोंड्यापाशी मीही नव्याने फुटलो. हणमंतराव पंप घेऊन आले आणि थबकले. "आगं, ह्ये तर मी हिंडलो तितंच उगवलंय!"

केवळाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "येळवशीला तुमीच पेरून आलाव की. आता सवताच्या हातानं पेरल्यालं जाळता का?"

 हणमंतराव भरलेला पंप तसाच घेऊन घरी गेले.

मित्रांनो, मी तुमच्याकडे दयेची भीक मागत नाही. ज्या माश्या माझ्या तुऱ्यांवर येतात, त्याच पुढे तुमच्या तुरीच्या फुलांवर जातात. म्हणून बांधाची एक कड आमच्यासाठी सोडा, त्यात तुमचंच भलं आहे. नाही सोडलीत तरी माझी तक्रार नाही. फक्त रानातून घरी गेल्यावर एकदा आपल्या कपड्यांच्या काठाकडे बघा. मी तिथेच असेन.